इन्स्टॉलर न चालवता आतल्या फाइली काढणं : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

काम: जुन्या दिवाळी अंकांची पानं पेजमेकरच्या फाइलींमध्ये आहेत. ती जशीच्या तशी उघडायची तर त्या काळचे युनिकोडपूर्व फॉन्ट, कळफलकांचे तक्ते आणि शब्दयाद्या लागतात. हे सगळं परवान्यासह घेतलेल्या फ्लॉप्यांवर, सीड्यांवर आणि डाउनलोडमध्ये आहे, पण इन्स्टॉलरच्या पोटात. काही इन्स्टॉलर विंडोजचे, काही मॅकचे. आपलं यंत्र डेबियन १२ चं, म्हणजे लिनक्सचं. एकूण १९ संच.

नियम आजच ठरवून टाकले. कोणताही इन्स्टॉलर चालवायचा नाही, वाइनमध्येसुद्धा (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनात) नाही. इन्स्टॉलर समोरच्या यंत्राची भाषा आणि आवृत्ती बघून काय उतरवायचं ते ठरवतो. आपल्याला पेटीतलं, म्हणजे इन्स्टॉलरच्या आत दाबून बांधलेलं, सगळं हवं आहे. शिवाय जुन्या सीड्यांवरचे बरेच सेटअप १६-बिट आहेत, आणि ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅम चालवतच नाही. मूळ प्रतीला हात लावायचा नाही: डीडीरेस्क्यूने (खराब चकतीवरूनही वाचणारं साधन) सीडीची प्रतिमा, तिचा शा-२५६ ठसा (एक बाइट बदलला तरी बदलणारी खूण), आणि पुढचं सगळं त्या प्रतिमेवर. रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून काहीही उघडायचं नाही. काढलेले फॉन्ट अंकाच्या कामापुरतेच. ते बाहेर वाटायचा हक्क परवान्यात नाही.

प्रत्येक फाइलीबरोबर चार गोष्टी तक्त्यात गेल्याच पाहिजेत: मूळ नाव, इन्स्टॉलर तिला कुठे ठेवणार होता ती जागा, तारीख, आणि ती कोणत्या पेटीतून निघाली. नुसते बाइट काढणं सोपं आहे. नाव आणि जागा हरवलेल्या तीनशे फाइलींचा ढीग मात्र पुढच्या माणसाच्या काहीच कामाचा नाही.

हत्यारं: सेव्हन-झिप, कॅबएक्स्ट्रॅक्ट, अनशील्ड, एमएसआय-टूल्स, इनोएक्स्ट्रॅक्ट, अनआर, बीएसडीटार, बॉम-यूटिल्स, एचएफएस-यूटिल्स, फोंडू, कॉन्व्हएमव्ही. बॉम-यूटिल्स स्रोतावरून बांधलं. या नोंदींत आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन छोट्या अक्षरांत द्यायच्या.

७ जानेवारी

सीडी क्रमांक ४ लिनक्सवर जोडली तर फक्त विंडोजचा सेटअप दिसतो. खोक्यावर मात्र "मॅक आणि विंडोज" छापलेलं आहे. ही संकरित सीडी आहे: एकाच चकतीवर विंडोजसाठी आयएसओ-९६६० आणि मॅकसाठी एचएफएस, अशा दोन फाइल-मांडण्या शेजारी. लिनक्स आपणहून आयएसओ निवडतो आणि मॅकचा भाग डोळ्याआड राहतो.

ओळखायचं असं: प्रतिमेच्या ३२,७६९ व्या बाइटपासून "सीडी००१" ही अक्षरं असतील तर आयएसओ आहे. त्याच प्रतिमेच्या अगदी सुरुवातीला "ईआर" आणि ५१२ व्या बाइटला "पीएम" असेल तर ॲपलचा विभाग-तक्ताही आहे, म्हणजे आत एचएफएस आहे. ४ आणि ११ या दोन सीड्या अशा निघाल्या.

एचएफएसचा भाग माउंट करून (फोल्डरसारखा जोडून) नेहमीच्या कॉपीने काढू नये. कारण फॉन्टच्या नोंदीत, ३० जानेवारीला. एचमाउंटने उघडून एचकॉपी -एम ने काढावा; त्यात प्रत्येक फाइल मॅकबायनरीच्या वेष्टनात येते आणि तिचे दोन्ही काटे (डेटा आणि रिसोर्स असे फाइलीचे दोन भाग), प्रकार आणि निर्माता-खूण टिकतात.

९ जानेवारी

आजचा दिवस ओळखपरेडीचा. नावाच्या शेपटीवर विश्वास ठेवायचा नाही, पहिले बाइट बघायचे. एक्सएक्सडी -एल १६ (पहिले १६ बाइट दाखवणारी आज्ञा) पुरतं.

पहिली आठ बाइट डी०, सीएफ, ११, ई०, ए१, बी१, १ए, ई१ अशी असतील तर ओएलई संयुक्त फाइल. आपल्या संचांत तिचा अर्थ एमएसआय, विंडोजची इन्स्टॉलर-फाइल. "एमएससीएफ" म्हणजे मायक्रोसॉफ्टची कॅब, दाबलेल्या फाइलींची पेटी. "आयएससी" आणि लगेच उघडता गोल कंस, तर तीही कॅबच, पण इन्स्टॉलशील्डची. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. "एसझेडडीडी" म्हणजे शेवटचं अक्षर खाल्लेल्या नावाची जुनी दाबलेली फाइल. लहान अक्षरांत "एक्सएआर" आणि उद्गारचिन्ह, तर मॅकचं सपाट (एकाच फाइलीचं) पीकेजी, म्हणजे इन्स्टॉलर-पॅकेज. ईडी, एबी, ईई, डीबी म्हणजे आरपीएम, फेडोरासारख्या लिनक्सचं पॅकेज.

डीएमजीची (मॅकच्या डिस्क-प्रतिमेची) खूण डोक्याला नसते, शेपटीला असते: शेवटच्या ५१२ बाइटच्या ठोकळ्याची सुरुवात "कोली" या चार अक्षरांनी होते. संच १४ मधली डीएमजी "अनोळखी" म्हणून नाकारली जात होती. टेल -सी ५१२ करून पाहिलं तर शेवटी कोली नाहीच. डाउनलोड अर्ध्यावर तुटलेलं. पुन्हा उतरवल्यावर लगेच उघडली. तुटलेली डीएमजी सुरुवातीकडून अगदी निरोगी दिसते, हे ध्यानात असू द्यावं.

सेटअप डॉट ईएक्सई सगळ्यांत फसवी. सेव्हन-झिपला आतली पेटी ओळखता आली नाही तर ते तक्रार करत नाही. ती फाइल नुसता विंडोजचा प्रोग्रॅम समजून डॉट-टेक्स्ट, डॉट-डेटा, डॉट-आरएसआरसी असे भाग काढून देतं आणि "सगळं ठीक" म्हणतं. असे भाग दिसले की समजावं: पेटी उघडलेली नाही, फक्त दाराची चौकट हातात आली आहे. स्ट्रिंग्जमध्ये (फाइलीतला वाचता येणारा मजकूर काढणारी आज्ञा) "इनो सेटअप", "नलसॉफ्ट" किंवा "इन्स्टॉलशील्ड" या इन्स्टॉलर बनवणाऱ्या साधनांचं नाव शोधलं की पुढचा रस्ता कळतो.

१३ जानेवारी

संच १ ते ३, सगळ्यांत जुने. फाइलींची नावं अशी: काहीतरी डॉट टीटी आणि अधोरेखा. हे एसझेडडीडी. शेवटचं अक्षर कुठे गेलं? ते फाइलीतच आहे: आठ बाइटची खूण, एक बाइट दाबपद्धतीचा, आणि त्यानंतरचा दहावा बाइट म्हणजे नावातून काढलेलं अक्षर. पुढच्या चार बाइटमध्ये मूळ लांबी. म्हणून नाव अंदाजाने बदलायची गरज नाही. एमएसएक्स्पांडने फाइली काढल्या आणि दहाव्या बाइटवरून शेपूट लावली. ३८ पैकी ३६ मध्ये अक्षर होतं. दोनमध्ये तो बाइट शून्य. त्या उघडून पाहिल्या आणि सुरुवातीच्या ००, ०१, ००, ०० वरून ट्रूटाइप ठरवल्या. तक्त्यात त्यांच्यापुढे "नाव अनुमानाने" असा शेरा मारला आहे.

संच ५, ६, ८ इन्स्टॉलशील्डचे. कॅबएक्स्ट्रॅक्ट म्हणतं वैध कॅब नाही, आणि ते बरोबरच आहे. इथे अनशील्ड लागतं. डेटा१ डॉट कॅब, डेटा२ डॉट कॅब आणि डेटा१ डॉट एचडीआर एकाच फोल्डरमध्ये हवेत. यादी एचडीआरमध्ये असते, माल कॅबमध्ये. संच ६ मध्ये एचडीआर दुसऱ्या फोल्डरमध्ये गेली होती, तेवढ्याने सगळं अडलं. आधी अनशील्ड एल ने यादी, मग अनशील्ड जी ने फाइलगट, मग एक्स. गटांची नावं टाकून देऊ नयेत: कोणता गट कुठे उतरवायचा हे इन्स्टॉलशील्डमध्ये बरंचसं संकलित स्क्रिप्टमध्ये दडलेलं असतं, त्यामुळे गटाचं नाव हाच जागेचा पहिला धागा. काढताना मध्येच विस्तार फसला, तर -ओ (मोठं अक्षर) देऊन जुनी दाबपद्धत वापरून बघावी. संच ५ त्यानेच सुटला.

१६ जानेवारी

एमएसआय. इथे थोडं थांबायला हवं, कारण चुकीच्या मार्गानेही फाइली निघतात आणि चूक महिनाभर कळत नाही.

एमएसआय हा खरं तर छोटा डेटाबेस आहे. तक्ते आहेत, आणि माल कॅबच्या रूपात आतल्याच एका प्रवाहात किंवा शेजारच्या फाइलीत. सेव्हन-झिपने थेट काढलं तर कॅबमधली नावं मिळतात. ती खरी नावं नसतात, फाइल तक्त्यातल्या किल्ल्या असतात. संच ९ मधून अशा २१२ फाइली निघाल्या: एफ अधोरेखा आणि बत्तीस अंकी खूण, एकालाही शेपूट नाही, सगळ्या एकाच फोल्डरमध्ये.

बरोबर मार्ग: एमएसआयएक्स्ट्रॅक्ट -एल ने यादी, मग -सी (मोठं) देऊन वेगळ्या फोल्डरमध्ये काढणं. हे तक्ते वाचून नावं आणि फोल्डर पुन्हा उभे करतं. तरी तक्ते स्वतः एकदा बघावेतच: एमएसआयइन्फो टेबल्स, आणि मग एमएसआयइन्फो एक्सपोर्ट ने एकेक. साखळी अशी: फाइल तक्त्यातला घटक घ्यायचा, घटक तक्त्यातून त्याची डिरेक्टरी, आणि डिरेक्टरी तक्त्यातून पालक, पालकाचा पालक, असं मुळापर्यंत. फाइलनाव या रकान्यात बऱ्याचदा दोन नावं असतात, मध्ये उभी रेघ: डावीकडे आठ-तीनचं छोटं, उजवीकडे लांब. लांब घ्यावं, पण छोटंही तक्त्यात ठेवावं; पेजमेकरच्या काही जुन्या फाइलींत दुवे छोट्या नावाने आहेत.

मीडिया तक्ता: कॅबिनेट रकान्यात नावाआधी # असेल तर कॅब एमएसआयच्या आत आहे, नसेल तर बाहेर. संच १० मध्ये तक्ता म्हणतो "डेटा१ डॉट कॅब", पहिलंच अक्षर मोठं. सीडीवर मात्र सगळी अक्षरं मोठी. विंडोजला दोन्ही सारखीच, लिनक्सला वेगळी, म्हणून कॅब सापडली नाही. तक्त्यातल्या नावाची एक सांकेतिक दुवा-फाइल बनवली, काम झालं.

आपल्यासाठी सोन्यासारखा तक्ता म्हणजे फॉन्ट. कोणती फाइल कोणत्या नावाने विंडोजमध्ये नोंदवायची हे त्यात असतं. त्यातून ६४ फॉन्ट एका झटक्यात वेगळे झाले. डुप्लिकेटफाइल तक्ताही तपासावा: इन्स्टॉलर एकाच फाइलीच्या दोन प्रती वेगळ्या नावाने ठेवतो तेव्हा दुसरी प्रत कॅबमध्ये नसते, फक्त या तक्त्यात तिचा उल्लेख असतो. कळफलकाचा "हरवलेला" दुसरा तक्ता असाच सापडला.

तपासणी: ज्या फाइलींना आवृत्ती-क्रमांक नसतो त्यांच्यासाठी एमएसआयफाइलहॅश तक्त्यात एमडी५ ठसा असतो, पण ३२-बिटच्या चार चिन्हांकित पूर्णांकांत तोडून. प्रत्येक पूर्णांक लघु-अंत्य (लहान बाइट आधी) क्रमाने बाइटमध्ये मांडला आणि चारही जोडले की नेहमीचा एमडी५. आठ ओळींची पायथन स्क्रिप्ट पुरली. ज्यांना ठसा होता त्या सगळ्या फाइली जुळल्या.

२० जानेवारी

संच ७ आणि १२ इनो सेटअपचे. आधी इनोएक्स्ट्रॅक्ट --लिस्ट. एकाच नावाच्या फाइली भाषेप्रमाणे वेगळ्या असतात. --कोलिजन्सला रिनेम-ऑल दिलं नाही तर एकीवर दुसरी चढते. मोठा इन्स्टॉलर तुकड्यांत असेल तर सेटअप-१ डॉट बिन शेजारी हवी. संच १३ एनएसआयएसचा (नलसॉफ्टचा). तो सेव्हन-झिपच उघडतं, -एओयू देऊन, म्हणजे सारख्या नावांना आपोआप वेगळं नाव मिळतं.

सीएचएम मदतफाइली सेव्हन-झिपने उघडल्या. जुन्या एचएलपीला हेल्पडेको. या मदतफाइलींतच कळफलकाच्या आकृत्या आहेत, त्या टाकू नयेत.

कॅबमधल्या तारखा स्थानिक वेळेत असतात, दोन सेकंदांच्या पायरीने, आणि वेळपट्टा कुठेच लिहिलेला नसतो. तक्त्यात "पट्टा अज्ञात" असंच लिहायचं, भारतीय वेळ गृहीत धरायची नाही.

२३ जानेवारी

मॅकची पीकेजी. दोन पिढ्या आहेत. जुनी पीकेजी ही फाइल नसून फोल्डर असते: कंटेंट्समध्ये आर्काइव्ह डॉट पॅक्स डॉट जीझेड, बाजूला आर्काइव्ह डॉट बॉम. ती बीएसडीटारने सरळ सुटते. सपाट पीकेजी मॅक ओएस टेन १०.५ पासून, म्हणजे २००७ पासून. ती एक्झार (एक्सएआर) पेटी आहे.

एक्झारचं डोकं २८ बाइटचं. त्यानंतर झेडलिबने दाबलेली एक्सएमएल अनुक्रमणिका, आणि मग मालाचा ढीग. अनुक्रमणिकेतले पत्ते ढिगाच्या सुरुवातीपासून मोजायचे, फाइलीच्या सुरुवातीपासून नाही. स्वतः स्क्रिप्ट लिहिणाऱ्याची पहिली चूक इथेच होते. आपल्याला तेवढं खोल जायची गरज पडली नाही: बीएसडीटार -एक्सएफ किंवा सेव्हन-झिप एक्स, दोन्ही चालतात.

आत प्रत्येक घटकाच्या फोल्डरमध्ये चार नावं: बॉम, पॅकेजइन्फो, पेलोड, स्क्रिप्ट्स. माल पेलोडमध्ये. त्याला शेपूट नसल्यामुळे पुष्कळ जण तो अज्ञात म्हणून सोडून देतात. बहुतेक वेळा तो जीझिपने दाबलेला सीपीआयओ (फाइली एकामागे एक जोडलेली पेटी) असतो. जीझिप -डीसी पेलोड, त्याचं पाइप सीपीआयओ -आयडीएम --नो-ॲब्सोल्यूट-फाइलनेम्स कडे. शेवटचा पर्याय विसरू नये: पेटीतल्या नावाची सुरुवात तिरक्या रेघेने असेल तर फाइल थेट आपल्या यंत्राच्या मुळाशी जाऊन बसेल. म्हणूनच रूट नको. पॅकेजइन्फोमधलं इन्स्टॉल-लोकेशन वाचून प्रत्येक मार्गाच्या आधी जोडावं. पेलोडमधले मार्ग त्याच्या सापेक्ष असतात.

संच १६ ला जीझिप म्हणतं, माझ्या स्वरूपातली फाइल नाही. पेलोडची पहिली चार अक्षरं "पीबीझेडएक्स". हे ॲपलचं तुकड्यातुकड्यांचं वेष्टन. रचना: चार अक्षरी खूण; मग आठ बाइटमध्ये तुकड्याचा आकार, बहुधा १६ मेबीबाइट. त्यानंतर प्रत्येक तुकड्याला आठ बाइट न दाबलेल्या आकाराचे, आठ बाइट साठवलेल्या लांबीचे, आणि मग माल. सगळे आकडे थोर-अंत्य (मोठा बाइट आधी) क्रमात. मालाची सुरुवात एफडी, ३७, ७ए, ५८, ५ए, ०० अशी असेल तर तो एक्सझेड, तो सोडवायचा. तशी नसेल तर तो तुकडा दाबलेलाच नाही, जसाच्या तसा लिहायचा.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. पहिल्या प्रयत्नात फाइलीभर एक्सझेडची खूण शोधून सगळे प्रवाह एकामागे एक सोडवले. ३ तुकडे न दाबलेले होते, ते गळाले. सीपीआयओने "पुढे कचरा आहे, वगळतो" एवढं म्हणत काम पुढे नेलं, आणि ११७ पैकी १०९ फाइली निघाल्या. आकडा मोठा असल्यामुळे चूक जाणवलीही नसती. बॉमशी ताडून पाहिलं म्हणून कळलं. डोकं वाचत, लांबी मोजत जाणारी स्क्रिप्ट लिहिल्यावर ११७ च्या ११७.

बॉम म्हणजे मालाची पावती. एलएसबॉम चालवलं की प्रत्येक फाइलीचा मार्ग, परवानग्या, मालक, आकार आणि सीआरसी (ताळ्याचा आकडा) मिळतो. हा सीआरसी लिनक्सवरच्या सीकेसम आज्ञेचाच आहे, त्यामुळे ताळा घालायला वेगळं काही लागत नाही. मॅकचं प्रत्येक पीकेजी उघडल्यावर हा ताळा सक्तीचा केला.

स्क्रिप्ट्सही जीझिप-सीपीआयओच असते. चालवायची नाही, वाचायची. संच १७ च्या पोस्टइन्स्टॉलमध्ये एक झिप उघडून शब्दयादी ग्रंथालयाच्या फोल्डरमध्ये हलवली जाते. पेलोडमध्ये ती झिप एका निरर्थक नावाने पडून होती.

२८ जानेवारी

आज मराठीचाच प्रश्न आला, आणि तो नीट लिहून ठेवण्यासारखा आहे.

संच १५ च्या डीएमजीत नमुना पानांचा एक फोल्डर आहे, नाव "दुसऱ्या आवृत्तीचे नमुने". फोल्डर बाहेर आला, पडद्यावर नाव बरोबर दिसतं, पण तक्त्यातलं नाव टाइप करून शोधलं तर सापडत नाही. दोन्ही नावांचे बाइट काढले. आपण टाइप केलेला ऱ: ई०, ए४, बी१. तीन बाइट, एक अक्षर. डीएमजीतून आलेला: ई०, ए४, बी० आणि ई०, ए४, बीसी. सहा बाइट: साधा र आणि त्यापुढे वेगळा नुक्ता (अक्षराखालचं टिंब). एचएफएस प्लस (मॅकची पुढची फाइल-मांडणी) नावं विघटित रूपात साठवतं, आणि ऱ हे युनिकोडच्या दृष्टीने र अधिक नुक्ता असं विघटित होतं. ळ, श्र, ज्ञ यांना असं काही होत नाही. अडकतो तो नेमका ऱ, म्हणजे दुसऱ्या, शेतकऱ्यांचे, किनाऱ्यावर, वाऱ्याची अशी मराठीतली अगदी रोजची रूपं.

उपाय: कॉन्व्हएमव्ही -आर -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी, म्हणजे सुटे भाग जोडून एक चिन्ह करणं. हे आधी फक्त काय बदलेल ते दाखवतं. --नोटेस्ट जोडलं तरच खरं नाव बदलतं. ३१ नावं जुळली.

दोन नावं तरीही जुळली नाहीत. त्यांत हा ऱ दुसऱ्याच पद्धतीने लिहिलेला: साधा र, हलन्त, आणि शून्य-रुंदीचा जोडक. दिसायला तसाच, पण युनिकोडच्या लेखी हे वेगळं लेखन आहे. कोणतंही सामान्यीकरण ते एक करत नाही. ती नावं हाताने तक्त्यात दोन्ही रूपांत घातली. एचएफएस प्लस तुलना करताना शून्य-रुंदीचा जोडक दुर्लक्षितही करतं, त्यामुळे मॅकवर जे एक नाव होतं ते लिनक्सवर दोन ठरू शकतं.

आणखी एक. लिनक्सवर फाइलनावाची मर्यादा २५५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी धरून जेमतेम ८५ चिन्हं. मॅक आणि विंडोज २५५ एकक मोजतात, बाइट नाही. तिथे बिनतक्रार राहिलेलं लांब देवनागरी नाव इथे "नाव फार लांब" म्हणून अडतं आणि ती फाइल गळते. संच १५ मध्ये अशी एकच होती. सेव्हन-झिपच्या इशाऱ्यांत सापडली. म्हणून काढतानाचा सगळा मजकूर टी आज्ञेने फाइलीत साठवायचा, पडद्यावरून वाहून जाऊ द्यायचा नाही.

एचएफएस प्लस लिनक्सच्या कर्नलकडून (गाभ्याकडून) माउंट केलं तर ड्रायव्हर नावं वाचताना स्वतःच जोडू पाहतो. नोडीकंपोज पर्याय दिला तर जशी आहेत तशी देतो. त्यामुळे माउंटवरून आणि सेव्हन-झिपवरून आलेल्या याद्या आधी एका रूपात आणाव्यात, मगच ताडाव्यात.

३० जानेवारी

संकरित सीडी ४ चा मॅक-भाग. माउंट करून कॉपी केलेले सगळे फॉन्ट शून्य बाइटचे. सीडी खराब नाही. जुन्या मॅकवर प्रत्येक फाइलीला दोन काटे असत, डेटा आणि रिसोर्स. फॉन्टच्या सूटकेस फाइलीत डेटा-काटा रिकामा आणि सगळा फॉन्ट रिसोर्स-काट्यात. साधी कॉपी फक्त डेटा-काटा आणते.

एचकॉपी -एम ने आणलेल्या मॅकबायनरी फाइली फोंडूला दिल्या. ट्रूटाइप असेल तर टीटीएफ निघतो, पोस्टस्क्रिप्ट असेल तर पीएफबी, पडद्याचे बिटमॅप असतील तर बीडीएफ. पोस्टस्क्रिप्टच्या बाबतीत सूटकेस आणि छपाईचा फॉन्ट या दोन वेगळ्या फाइली असतात. दोन्ही हव्यात, नाहीतर मोजमापं मिळतात आणि आकार मिळत नाहीत. पीकेजीतून आलेल्या, टिंब-अधोरेखेने सुरू होणाऱ्या फाइली हेच रिसोर्स-काटे आहेत, ॲपलडबल वेष्टनातले. त्या कचरा समजून पुसू नयेत. स्टफइटच्या एसआयटी पेट्यांना अनआर.

तारखा: एचएफएस स्थानिक वेळ साठवतं, एचएफएस प्लस ग्रिनिच वेळ. एकाच फाइलीच्या दोन प्रतींत साडेपाच तासांचा फरक दिसला तो याचमुळे.

३ फेब्रुवारी

उलट दिशा. मांडणी करणाऱ्यांच्या मॅकवर आणि विंडोजवर डेबियनच्या पॅकेजमधला लोहित देवनागरी हवा होता. डेब (डेबियनचं पॅकेज) ही एआर पेटी: डेबियन-बायनरी, कंट्रोल डॉट टार, डेटा डॉट टार. मॅकचं टार बीएसडीटारच असल्याने टार -एक्सएफ दोनदा दिलं की झालं. विंडोजवर सेव्हन-झिप, पण डेटा डॉट टार झेडएसटीडीने (एका नव्या दाबपद्धतीने) दाबलेला असेल तर जुनी आवृत्ती अडते. फेडोराची आरपीएम आवृत्ती ३१ पासून झेडएसटीडीच वापरतात. लिनक्सवर आरपीएम२सीपीआयओ किंवा सरळ बीएसडीटार.

लिनक्सची मोठी पॅकेजं तिकडे उघडताना काय बिघडतं ते इथेच नोंदवतो, पुन्हा विचारलं जाईल. कर्नलच्या हेडर फाइलींत एक्सटी-कॉनमार्क हे नाव मोठ्या अक्षरांत आणि लहान अक्षरांत अशा दोन वेगळ्या फाइलींना आहे. मॅकच्या नेहमीच्या डिस्कवर दुसरी पहिलीवर चढते. पर्लच्या माहितीपानांच्या नावात दोन अपूर्णविराम (::) असतात, विंडोज ते घेत नाही. ऑक्स हे नावच विंडोजला वर्ज्य, आणि कर्नलच्या स्रोतात ऑक्स डॉट सी आहे. अशा पॅकेजसाठी आधी लिनक्सवर उघडून, हवी तेवढीच फाइल पाठवणं शहाणपणाचं.

६ फेब्रुवारी

फॉन्टची तपासणी. एकाच फॉन्टची विंडोज-प्रत आणि मॅक-प्रत शेजारी ठेवून टीटीएक्सने (फॉन्ट उलगडणारं साधन) सीमॅप, म्हणजे कोणत्या संकेताला कोणतं अक्षर हा तक्ता, काढला. विंडोज-प्रतीत तक्ता ३-०, म्हणजे चिन्ह-फॉन्ट. अक्षरं एफ०२० पासून पुढच्या खासगी पत्त्यांवर. मॅक-प्रतीत तक्ता १-०, मॅक रोमन. यांची सरमिसळ करू नये: ई० हा बाइट विंडोजच्या १२५२ संकेतात आघातवाला ए आहे, मॅक रोमनमध्ये दुहेरी कट्यार. मॅकवर जुळवलेलं पान विंडोजच्या फॉन्टने उघडलं की वरच्या १२८ जागांवरची जोडाक्षरं आणि मात्रा बदलतात, खालची अक्षरं मात्र ठीक राहतात. त्यामुळे पहिल्या नजरेला पान बरोबर वाटतं. प्रत्येक पानाच्या फाइलीपुढे ती कोणत्या प्रणालीवर बनली याचा रकाना वाढवला आणि फॉन्टही तसे दोन वेगळ्या फोल्डरांत ठेवले.

१९ पैकी १७ संच पूर्ण: यादी जुळली, ठसे जुळले, मूळ जागा नोंदल्या. बाकी दोन. संच २ च्या तिसऱ्या फ्लॉपीवर ९ खराब सेक्टर आहेत. डीडीरेस्क्यू दुसऱ्या ड्राइव्हवर उलट दिशेने चालवायचा आहे, नकाशा-फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) जपून ठेवली आहे. संच १८ च्या बाहेरच्या कॅबचा दुसरा तुकडा दुसऱ्या सीडीवर होता, ती सीडी कपाटातल्या खालच्या खोक्यात सापडली. उद्या तिची प्रतिमा.